साडेसहा हजारांची येझदी

१९९४ साली कोल्हापुरात मोटारसायकलींची एक सरळ उतरंड होती. नोकरीत स्थिरावलेला माणूस हिरो होंडा घ्यायचा, कॉलेजच्या पोराला यामाहा आरएक्स १०० पाहिजे असायची आणि शेतीवाडीवाला भक्कम गडी बुलेटवर शोभायचा. येझदीला नवं गिऱ्हाईक जवळजवळ उरलं नव्हतं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल न घालता, धूर न काढता, लिटरला ऐंशीच्या आसपास जाणारी गाडी असू शकते हे लोकांना कळलं. येझदी लिटरला तिसाच्या आत-बाहेर. त्यामुळे जुन्या येझदीचे भाव इतके खाली आले, की माझ्यासारख्या ट्रेनीलाही ती परवडायला लागली. माझी पहिली गाडी मला मिळाली ती त्या पडलेल्या भावामुळे, आणि त्या भावाचा मी आजही ऋणी आहे.

डिप्लोमा करून मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये लागलो होतो. राहायला राजारामपुरीत, कॉट बेसिसवर. पहिल्या पाळीला केएमटीची बस मिळायची, पण दुसरी पाळी सुटायची ती रात्री उशिरा. मग कुणाच्या तरी मागे बसून यायचं, नाहीतर हायवेला ट्रकला हात करायचा. गाडी हवी होती ती या कारणासाठी. हौस पुढे आली, आणि आली ती कायमची राहिली.

गाडी शोधली मामांनी. ते गडहिंग्लजला राहायचे. त्यांच्या गल्लीत सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांच्याकडे १९७७ची येझदी २५० होती. काळी, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, नंबर एमएच-०९ सुरू व्हायच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना किक मारवत नव्हती. किंमत ठरली साडेसहा हजार. त्यातले दोन हजार आईच्या भिशीचे होते.

सुभेदार काकांनी पैसे लगेच घेतले नाहीत. ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "पोरा, आधी कागदं बघ, मग गाडी." आरसी बुक, विमा, टॅक्सची पावती. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, तेही त्यांनी १९९२ मध्ये करून घेतलं होतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला लागणाऱ्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून, तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवून त्यांनी ते एका लखोट्यात घातले. नंतर आयुष्यात बऱ्याच जुन्या गाड्यांचे व्यवहार बघितले, इतके स्वच्छ कागद फार थोड्या ठिकाणी दिसले.

मग गाडी. ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो : तिचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, आणि तो डाव्या बाजूला. गिअर टाकताना तो पुढे आडवा असतो. किक मारायची तर तोच आत दाबून वर उभा करायचा, किक हाणायची आणि इंजिन सुरू झालं की परत जागेवर आणायचा. त्याआधी पेट्रोलचा कॉक सोडायचा आणि कार्बोरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल बाहेर ओघळेपर्यंत दाबून धरायचं. काकांनी हे सगळं मला अंगणात परत परत करायला लावलं. इंजिन थंड असताना किती वेळ बटण दाबायचं, गरम असताना का दाबायचं नाही, हे समजावून सांगितलं. गाडी बोलायला लागली तेव्हा दोन्ही सायलेन्सरमधून तो 'धब-धब-धब' आवाज आला, आणि गल्लीतली चार माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर हे येझदीचं आणि तिच्या आधीच्या जावाचं वैशिष्ट्य. तो आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही.

निघताना काकू हळदीकुंकू घेऊन आल्या. त्यांनी ते आधी गाडीला लावलं, मग माझ्या कपाळाला.

गडहिंग्लजहून संकेश्वर, तिथून हायवेला लागून तवंदी घाट, निपाणी, कागल आणि कोल्हापूर असा रस्ता. संकेश्वरपर्यंत मी हवेत होतो. तवंदीच्या चढाला मात्र गाडीनं खरं दाखवलं. ताकद कमी पडायला लागली, निळा धूर वाढला आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट सुरू झाला. वर पोचल्यावर गाडी झाडाखाली लावून इंजिन थंड होईपर्यंत बसलो. काकांनी काही लपवलं नव्हतं. "बोअर करावा लागंल", म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून त्यात मोठं पिस्टन घालावं लागेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि किंमत त्या हिशेबानंच लावली होती.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करणारे एक मिस्त्री होते. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिनाचे सुटे भाग, कापलेल्या लोखंडाचा वास. तिथं इंजिनाचा जो भाग पाहिजे तो दुरुस्त होतो, आणि दुरुस्त होत नसेल तर करून मिळतो. मिस्त्रींनी गाडी सुरू करून कान लावला, बंद केली आणि म्हणाले, "वरनं खालपर्यंत उघडाय लागतंय. मजुरी निम्मी घेतो. पण पाव्हणं, तुम्ही रविवारी यायचं आन् हाताला लागायचं. गाडी सोडून जायची न्हाई."

त्यांनी असं का सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. माझी पैशाची अडचण त्यांना कळली असावी. पण त्या रविवारांनी मला जे दिलं, ते डिप्लोमाच्या वर्गात मिळालं नव्हतं. कारखान्यात मी दिवसभर बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्याच्या मालाचं माप काढायचो. इथं माप माझ्या गाडीचं होतं.

इंजिन फ्रेममधून उतरवलं, हेड काढलं, सिलिंडर वर उचलला. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर, एक्झॉस्टच्या तोंडाशी तर भोक अर्धं बुजलेलं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे हे व्हायचंच. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून आम्ही त्या विस्तवावर लाल होईपर्यंत भाजल्या आणि तारेच्या ब्रशनं घासल्या. सिलिंडरचं माप वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घेतलं. झीज सगळ्यात जास्त वरच्या भागात होती आणि भोक गोल राहिलं नव्हतं. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवला तर खालच्या बेअरिंगला स्पष्ट खेळ लागत होता. खडखडाटाचं मूळ तिथं होतं.

क्रँकचं, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचं, काम बघणं हा माझ्यासाठी त्या सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत मोठा आनंद होता. येझदीचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट ठोकून बसवलेली पिन. जुनी पिन प्रेसवर दाबून बाहेर काढायची, नवा रॉड, नवे रोलर, नवी पिन घालून पुन्हा दाबायची. पण दाबली म्हणजे झालं नाही. दोन्ही चकत्या एका रेषेत यायला हव्यात, नाहीतर इंजिन थरथरतं आणि बेअरिंगा लवकर जातात. त्यासाठी शेजारच्या शेडमधल्या एका वयस्कर टर्नरकडे गेलो. त्यांनी क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरला, डायल गेज लावलं आणि हातानं हळू फिरवायला सुरुवात केली. काटा हलला की चकतीवर खडूची खूण. मग क्रँक उतरवायचा, खुणेच्या जागी तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका, परत सेंटरमध्ये, परत फिरवून बघायचं. ठोका किती जोरात द्यायचा हे सांगणारं कुठलंच गेज नाही. ते फक्त त्या माणसाच्या मनगटाला माहीत. शेवटी काटा जवळजवळ स्थिर राहिला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं, म्हणाले, "तू फिरीव आता." मी फिरवला. इतक्या वर्षांनी अजून ते गुळगुळीत फिरणं हाताला आठवतं.

सिलिंडर दुसऱ्या बोअरवर गेला. म्हणजे पहिल्या ओव्हरसाइज पिस्टनचा बोअर सुभेदार काकांच्या काळात होऊन गेला होता, आता त्याच्या पुढचं पिस्टन. बोअर करून आल्यावर होनिंग. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा उठल्या. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, म्हणून त्या लागतात. मिस्त्रींनी सिलिंडर पुसून, उलटा करून टेबलावर ठेवला, रिंगा न घालता नवं पिस्टन तोंडाशी धरलं आणि सोडलं. ते पडलं नाही आणि अडकलंही नाही. स्वतःच्या वजनानं सावकाश, एकसारखं खाली उतरत गेलं. "ह्येला म्हणायचं फिटिंग," मिस्त्री म्हणाले. फीलर गेजनं फट नंतर तपासली, मिलिमीटरच्या काही शतांशांची, बरोबर निघाली.

टायमिंगही, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते जुळवणं, त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. प्लगच्या भोकातून एक सरळ स्पोक आत सोडायचा, तो पिस्टनच्या माथ्यावर टेकतो. पिस्टन सगळ्यात वर आलं की स्पोकवर खूण करायची, मग इंजिन उलटं फिरवून पिस्टन साधारण तीन मिलिमीटर खाली आणायचं. नेमक्या त्या जागी पॉइंट, म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा छोटा स्विच, उघडायला सुरुवात झाली पाहिजे. ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून पॉइंटच्या दोन टोकांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि हलका ओढत राहायचं. कागद सुटला ती ठिणगीची वेळ. पुढे ही गाडी माझ्याकडे असेपर्यंत टायमिंगसाठी मला कुणाकडे जावं लागलं नाही.

आरटीओचं काम त्यामानानं सोपं गेलं. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा, तो फॉर्मला चिकटवायचा, फी भरायची, गाडी दाखवायची. सुभेदार काकांचे कागद चोख असल्यानं कुठंच अडलं नाही. आरसी बुकात माझं नाव आलं, ते मी घरी नेऊन आईला दाखवलं. तिनं ते देवापुढं ठेवलं.

नव्या बोअरची गाडी सुरुवातीला ताणायची नसते. मिस्त्रींचा नियम होता : पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, आणि लिटरला पन्नास मिली ऑइल, नंतर चाळीस मिली. पंपावर तेव्हा टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलचं हातानं फिरवायचं छोटं यंत्र असायचं, काचेच्या नळीत ऑइल चढताना दिसायचं. गोकुळ शिरगावची रोजची ये-जा चाळीसच्या वेगानं व्हायची, आणि रोज एखादा सहकारी सीडी १०० वरून शेजारून निघून जायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. आतलं पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना बसत चालले आहेत हे मला माहीत होतं. आठवड्या-आठवड्यानं आवाज मऊ होत गेला, किक हलकी झाली, चढाला दम वाढला.

रनिंग झाल्यावर पहिली मोठी फेरी जोतिबाची. आईला मागे बसवून. वाडी रत्नागिरीचा डोंगर चढताना तवंदी घाट आठवत होता, म्हणून मी कान इंजिनाकडे लावून होतो. गाडी तिसऱ्या गिअरवर शांतपणे चढत गेली. वर पोचल्यावर आई "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणाली, गुलाल घेतला आणि देवाचं दर्शन झाल्यावर येऊन हेडलाइटवर चिमूटभर लावला. भिशीचे दोन हजार तिनं परत कधी मागितले नाहीत.

रात्रीचं चालवणं हा वेगळा विषय होता. सहा व्होल्टची बॅटरी आणि डायनॅमो. इंजिन फिरतंय तोवर उजेड, वेग कमी केला की दिवा पिवळा होत जायचा. दुसऱ्या पाळीवरून हायवेनं येताना समोरून ट्रक आला की रस्त्याची कड डोळ्यांत धरून ठेवावी लागायची. प्लग काळा होऊन गाडी बंद पडणं हेही होतंच. खिशात एक साफ केलेला प्लग, डिकीत प्लगपाना, पक्कड, तारेचा ब्रश आणि एक क्लच केबल एवढं सामान कायम असायचं. प्लग बदलायला मिनिटभर लागायचं. गरम प्लग रुमालात धरून बाहेर काढायचा, नवा लावायचा, किक.

आंबोलीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. पावसाळ्यात आम्ही काही मित्र गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला निघालो. मित्रांकडे आरएक्स १००, एकाकडे कावासाकी. रस्ता ओला, धुकं उतरलेलं, दोन्हीकडे भातखाचरं. परतीच्या वाटेवर आजऱ्याच्या अलीकडे माझी क्लच केबल तुटली, आणि जवळची जादा केबल आदल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या येझदीला दिली होती. दुसरी कुठली गाडी असती तर तिथंच टेम्पो शोधावा लागला असता. पण येझदीत एक सोय आहे, जी मला सुभेदार काकांनी अंगणातच दाखवली होती. गिअरचा दांडा पायानं दाबला, की आतून क्लच आपोआप सुटतो. हाताच्या क्लचची गरजच पडत नाही. थांबलेल्या गाडीला पहिला टाकायचा, पाय दांड्यावर दाबून धरायचा आणि ॲक्सिलरेटर देत देत पाय हळूहळू उचलायचा. गाडी झटका न देता निघते. त्या पावसात, केबल नसलेली गाडी मी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असं करत थेट कोल्हापूरपर्यंत आणली. वाटेत सुभेदार काकांच्या दारात थांबलो. त्यांनी तुटलेली केबल हातात घेऊन बघितली, आणि काकूंना आत हाक मारून म्हणाले, "अगं, क्लचशिवाय आणली गाडी पोरानं." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला त्या फेरीतल्या सगळ्या धबधब्यांपेक्षा मोठा वाटला.

१९९६ मध्ये येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. १९६१ पासून तिथं गाड्या बनत होत्या. बातमी उद्यमनगरात आली त्या आठवड्यात मिस्त्रींच्या शेडमध्ये बोलणं फक्त त्यावरच. "सामान जमवून ठेवा," ते प्रत्येकाला सांगत होते. मी पगारातून दर महिन्याला एखादी वस्तू घ्यायला लागलो : रिंगांचा सेट, पॅकिंग, पॉइंट, ऑइल सील. कॉटखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात. खंडेनवमीला गाडीबरोबर त्या पेटीलाही झेंडूचं फूल वाहायचो.

१९९९ ला मला भोसरीत नोकरी मिळाली. पुण्यात गाडी लावायला जागा नव्हती, आणि कंपनीची बस होती. मिस्त्रींकडे काम शिकणारा एक मुलगा माझ्या येझदीवर जीव टाकून होता; साडेसहा हजारांनाच त्याला दिली. पत्र्याची पेटी सामानासकट त्याच गाडीबरोबर गेली, तिचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. फॉर्म २९ आणि ३० मी सुभेदार काकांनी केले होते तसेच भरून लखोट्यात घालून दिले.

२०२२ मध्ये येझदी नावाची गाडी पुन्हा बाजारात आली. क्लासिक लेजेंड्स या कंपनीनं आधी २०१८ ला जावा आणली होती, मग ही. मी शोरूममध्ये जाऊन चालवून बघितली. ३३४ सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन; चांगली गाडी आहे, ब्रेक तर आमच्या वेळेपेक्षा कितीतरी पटीनं चांगले. मला जी हवी ती मात्र वेगळी होती. जुन्या येझदींचे भावही आता चढले आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात, तिथं नीट केलेली गाडी बघून तरुण पोरं किंमत विचारतात.

अशा पोरांना मी जे सांगतो तेच इथंही लिहितो. जुनी येझदी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा, आणि तुम्ही पोचायच्या आधी मालकानं ती सुरू करून ठेवली नाही ना, हे सिलिंडरला हात लावून बघा. पहिली किक स्वतः मारा. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी ताडून बघा, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते विचारा. दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या जागेवर आहेत का बघा; आवाजासाठी पोरं त्या काढून टाकतात आणि मग गाडीची ओढ जाते. धूर थोडा निघणारच, त्याला घाबरू नका; खडखडाट मात्र लक्ष देऊन ऐका. आणि सिलिंडर कितव्या बोअरवर आहे ते विचारा. मालकाला याचं उत्तर तोंडपाठ असेल, तर भावात फार घासाघीस करू नका.